रावेन्नात कोणीच घरी नव्हतं

बोलोन्यात शिकायला आलेल्या मराठी पोरांची फिरायची यादी साधारण ठरलेली असते, फ्लोरेन्स, व्हेनिस, रोम, आणि पिसाला जाऊन त्या मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला की मावशीपासून वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांचे अंगठे येतात आणि एक काम संपतं. माझंही हे सगळं करून झालंय, नाही म्हणत नाही. पण सध्या सुट्टीला पुण्यात आलेय आणि जो भेटतो तो "काय काय बघितलंस मग इटलीत?" विचारतो, मी रावेन्ना म्हणलं की समोरचा जरा थांबतो आणि मग "बरं, आणि व्हेनिस?" असं विचारतो. तर ज्यांना ज्यांना मी डेक्कनला सिग्नलवर, मंडईत, कोणाच्या तरी मुंजीत हातात ताट धरून अर्धवट सांगितलंय त्यांच्यासाठी एकदाच नीट लिहून टाकते.

फेब्रुवारीतली गोष्ट. परीक्षा नुकत्याच संपलेल्या. (तिकडच्या परीक्षा बऱ्याचशा तोंडी असतात, प्रोफेसर समोर बसवून विचारतात, ३० पैकी मार्क तिथल्या तिथे सांगतात आणि पटले नाहीत तर "नको, पुन्हा देते" म्हणायची सोय असते, यावर आमच्या बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही.) रूममेट सांगलीची, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगवाली, ती म्हणाली कुठेतरी जाऊ पण लांब नको आणि महाग नको. बोलोन्याहून रावेन्नाला साधी पॅसेंजर ट्रेन जाते, सव्वा तास धरा, तिकीट दहा युरोच्या आत, आरक्षण वगैरे भानगड नाही. वाटेत इमोला लागतं, फॉर्म्युला वनवालं, ते येईपर्यंत रूममेट जागी होती आणि नंतर झोपली. बाहेर बघण्यासारखं तसंही काही नव्हतं कारण पो नदीच्या त्या सपाट खोऱ्यात हिवाळ्यात धुकं बसतं ते दुपारपर्यंत उठत नाही, मधेच फळबागांच्या नागड्या फांद्या दिसायच्या आणि परत पांढरं.

आता रावेन्नाच का, तर हे गाव एकेकाळी रोमन साम्राज्याची राजधानी होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात रोमचं साम्राज्य म्हणजे रोम एवढंच असायचं, पण इसवी सन ४०२ मध्ये होनोरियस नावाच्या सम्राटाने पश्चिमेकडची राजधानी मिलानहून हलवून इथे आणली. कारण अगदी साधं, भीती. उत्तरेकडून टोळ्या येत होत्या आणि रावेन्नाच्या भोवती सगळी दलदल, वर क्लासे नावाचं बंदर जवळ, म्हणजे जमिनीवरून कोणी यायला नको आणि वेळ आली तर समुद्रातून पळता यावं. शेवटचा पश्चिम रोमन सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला तेव्हा राजधानी हीच होती, त्याला काढणारा ओडोआकर. मग गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक आला, तीनेक वर्षं वेढा घालून बसला, शेवटी तह झाला की दोघांनी मिळून राज्य करायचं, आणि ४९३ मध्ये थिओडोरिकने ओडोआकरला जेवायला बोलावून त्याच पंगतीत स्वतःच्या हाताने कापला. पुढे ५४० मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचं, जस्टिनियनचं, सैन्य येऊन गावाचा ताबा घेऊन बसलं ते ७५१ पर्यंत. म्हणजे दीडशे वर्षांच्या आत तीन वेगवेगळ्या मालकांनी हे गाव वापरलं, आणि प्रत्येकाने आपापल्या देवाची आणि आपापल्या माणसांची चित्रं भिंतींवर काचेच्या तुकड्यांनी बसवून घेतली. मोझेक. हे बघायचं.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, यातलं सगळ्यात जुनं काम झालं त्याच शतकात आपल्याकडे वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याची नंतरची लेणी रंगवली जात होती. आणि ज्या चर्चबद्दल पुढे मी फार बोलणार आहे ते ५४७ चं, त्याच्या चार वर्षं आधी पहिल्या पुलकेशीने बदामीचा किल्ला बांधल्याचा शिलालेख आहे. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर या सगळ्याहून तरुण, आठव्या शतकातलं.

स्टेशनवरून गावात चालत दहा-पंधरा मिनिटं. सगळं सपाट, सगळे सायकलवर, आज्जीबाईसुद्धा फरचा कोट घालून सायकलवर. बाहेरून रावेन्ना बघितलं तर तुम्हाला वाटेल की आपल्याला फसवलंय. विटांची बुटकी बांधकामं, प्लॅस्टर नाही, नक्षी नाही, पाटी वाचल्याशिवाय कळत नाही की हे युनेस्कोच्या यादीत आहे. १९९६ पासून आठ वास्तू आहेत यादीत. काही रस्त्यांच्या नावांच्या पाट्या मात्र मोझेकच्या, त्या छान आहेत.

पहिलं गाल्ला प्लाचिदियाची समाधी. हिची गोष्ट कोणी सिरियल केली तर पटणार नाही अशी आहे. सम्राटाची मुलगी, होनोरियसची सावत्र बहीण. ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी, म्हणजे गॉथांच्याच एका शाखेने, रोम लुटलं तेव्हा हिला ओलीस धरून नेलं, मग त्यांच्याच राजाशी लग्न झालं, तो मारला गेला, परत आली, भावाने आपल्या सेनापतीशी लग्न लावून दिलं, तोही गेला, आणि मग लहान मुलगा सम्राट झाल्यावर हिने बरीच वर्षं त्याच्या नावाने राज्य चालवलं. आणि हे सगळं करून ती ४५० मध्ये वारली रोममध्ये, त्यामुळे रावेन्नातल्या या समाधीत ती बहुधा कधीच नव्हती. आत दगडी शवपेट्या आहेत, मोठ्या, रिकाम्या. बाहेर पाटीवर नाव तिचं.

आत पाचच मिनिटं सोडतात. वेळ आधी बुक करायची, ठरलेल्या वेळेला रांगेत उभं राहायचं, एक बाई मोजून माणसं आत घेते. जागा खरंच लहान आहे, आमच्या कोथरूडच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये आणि किचनमध्ये मावेल एवढी, क्रॉसच्या आकाराची. आत गेल्या गेल्या काहीच दिसत नाही. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाच्या पातळ फरश्या आहेत, त्यातून उजेड येतो तो मधाळ पिवळा आणि अगदी थोडा, आणि बाहेर धुकं असल्यामुळे त्या दिवशी आणखीच कमी. पहिलं मिनिट असंच गेलं, मागचा माणूस फोनशी झटापट करत होता. मग डोळे सरावले आणि डोक्यावर निळं दिसायला लागलं. गडद निळं, त्यात सोनेरी तारे, मध्यभागी क्रॉस, आणि त्याच्याभोवती ताऱ्यांच्या गोल ओळी, मध्याकडे जाताना तारे लहान लहान होत जातात त्यामुळे घुमट आहे त्यापेक्षा कितीतरी उंच वाटतो. साडेपाचशेच्या वर तारे आहेत म्हणे. मी मोजले नाहीत, पाच मिनिटांत काय मोजणार.

इथेच मला ती सोन्याची भानगड कळली. मोझेकचा सोनेरी तुकडा म्हणजे सोनं नाही, काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबलेला असतो. आणि ते तुकडे एका पातळीत बसवत नाहीत, प्रत्येक जरासा तिरका, कोणी डावीकडे कोणी खाली, त्यामुळे तुम्ही डोकं हलवलं की काही विझतात आणि भलतेच पेटतात. फोटोत हे काही म्हणजे काही येत नाही. नंतर गल्लीत एका कारागिराचं दुकान होतं तिथे आम्ही काचेला नाक लावून बराच वेळ उभे होतो. लाकडाच्या ओंडक्यात धारेचं लोखंड रोवलेलं, त्याच्या धारेवर काचेचा जाड तुकडा चिमटीत धरायचा आणि वरून दोन्ही बाजूंनी टोकदार अशा वाकड्या हातोडीने एकच हलका ठोका, टक, की तुकडा हवा तिथे दुभंगतो. त्या बाईंनी बघता बघता नखाएवढ्या तुकड्यांची ढिगुली केली आणि एकदाही मान वर केली नाही. हत्यार रोमन काळापासून जवळजवळ तेच आहे म्हणे.

शेजारीच सान व्हिताले. आठ कोनांचं चर्च. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन हे बघून एवढा वेडा झाला की त्याने जर्मनीतल्या आखनला आपलं चर्च याच धर्तीवर बांधलं, आणि पोपच्या परवानगीने इथल्या इमारतींचे संगमरवर उचलूनही नेले, परवानगी घेऊन नेलं की त्याला चोरी म्हणत नाहीत बहुतेक.

आत वेदीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन चित्रं आहेत आणि ती तुम्ही कुठे ना कुठे बघितलेली असतात. एकीकडे सम्राट जस्टिनियन आपल्या लोकांसोबत, हातात सोन्याचं ताट. समोर सम्राज्ञी थिओडोरा आपल्या बायकांसोबत, हातात सोन्याचा पेला. तिचा बाप सर्कशीत अस्वलं सांभाळायचा आणि ती स्वतः नाटकात कामं करायची, तिथून सम्राज्ञी, आणि तिच्या झग्याच्या घोळावर भेटी घेऊन निघालेले तीन राजे विणलेले दाखवलेत, ते बघायचे असतील तर मान जरा वाकडी करावी लागते. दोघं इतके ऐटीत उभे आहेत की वाटतं उद्घाटनाला आले असतील. तर दोघंही रावेन्नात कधीच आले नाहीत. एकदाही नाही. सैन्य पाठवलं, चित्र पाठवलं. बांधायचे पैसेसुद्धा त्यांनी दिले नाहीत, ते युलियानुस नावाच्या तिथल्या एका सावकाराने दिले, २६,००० सोन्याची नाणी असा आकडा नोंदलेला आहे. आणि गंमत म्हणजे बांधकाम सुरू झालं गॉथांच्या राज्यात, संपलं यांच्या राज्यात.

जस्टिनियनच्या चित्रात नाव मात्र एकाच माणसाचं लिहिलंय, त्याच्या शेजारच्या टकल्या बिशपचं, माक्सिमियानुस. उद्घाटन त्याने केलं. काही अभ्यासक म्हणतात की ते डोकंसुद्धा आधी दुसऱ्या बिशपचं होतं, तो गेला म्हणून डोकं बदललं आणि वर नाव टाकलं. रूममेट म्हणाली कोनशिलेवर नाव टाकायची घाई सगळीकडे सारखीच. मी मात्र पायांकडे बघत बसले होते. कारण त्या चित्रात सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे आहेत, खरंच, झूम करून बघा, पुढे कोण आणि मागे कोण याचा पत्ता लागत नाही. सम्राट पुढे की बिशप पुढे यावर विद्वानांची भांडणं आहेत.

मग भूक. दुपारी दुकानं बंद होती. एक ते चार. यावरचा विनोद मी करणार नाही, तुम्ही मनातल्या मनात केलाय तेवढा पुरे. पियादिनाचं दुकान मात्र उघडं होतं. पियादिना म्हणजे या भागातली तव्यावरची रोटी, मैद्याची, आपल्या फुलक्याहून जाड आणि दशमीहून कोरडी, घडी घालून आत चीज आणि पाला आणि ज्यांना चालतं त्यांना हॅम. आता शाकाहारी मंडळींनी इथे कान टवकारा. पारंपरिक पियादिनाच्या पिठातच डुकराची चरबी असते, स्त्रुत्तो म्हणतात तिला, म्हणजे आत नुसतं चीज भरून घेतलं तरी उपयोग नाही. रूममेट कट्टर शाकाहारी, तिने काउंटरवर जाऊन इटालियनमध्ये "चरबी आहे का" विचारलं तर आतल्या काकांनी "अर्थातच" असं छातीवर हात ठेवून अभिमानाने सांगितलं, मग हिचं तोंड बघून त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी ऑलिव्ह तेलातली वेगळी काढून दिली. बऱ्याच ठिकाणी मिळते, विचारायचं. आत स्क्वाक्वेरोने नावाचं पातळ, आंबटसर चीज आणि रुकोला नावाचा पाला. मी चरबीवाली खाल्ली. आई हे वाचणार आहे, तर आई, चव चांगली होती.

दुपारी सांत'आपोल्लिनारे नुओवो. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते हे.

हे थिओडोरिकने आपल्या राजवाड्याचं चर्च म्हणून बांधलं, साधारण ५०४ च्या सुमाराला. लांब सरळ हॉल, दोन्हीकडे खांबांच्या रांगा, आणि वर दोन्ही भिंतींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोझेक. डावीकडे २२ कुमारिका ओळीने निघाल्यात, उजवीकडे २६ हुतात्मे, सोनेरी पार्श्वभूमीवर, पायाखाली हिरवळ. मिरवणुका जिथून निघतात तिथे एकीकडे क्लासे बंदर, त्यात जहाजं, आणि दुसरीकडे राजवाडा, वर 'पालातियुम' असं लिहिलेलं, खाली खांब आणि कमानी, आणि प्रत्येक कमानीत पडदा. मधोमध बांधलेले, गाठ मारलेले पांढरे पडदे.

आता थिओडोरिक आणि त्याचे गॉथ ख्रिश्चन होते पण एरियन पंथाचे, म्हणजे येशू हा देवाने निर्माण केला, बापाच्या बरोबरीचा नाही असं मानणारे. जस्टिनियनच्या लोकांच्या लेखी हे पाखंड. त्यामुळे गाव हातात आल्यावर ५६० च्या सुमाराला हे चर्च कॅथलिकांना दिलं गेलं आणि मग भिंतीची साफसफाई निघाली. या पडद्यांच्या जागी आधी माणसं होती. राजा असेल, दरबारी असतील. त्यांना उकरून काढलं आणि तिथे पडदे बसवले, मिरवणुकांची माणसंही बहुतेक त्याच वेळी बदलली. बाकी काही तोडलं नाही, खांब तसेच, कमानी तसेच, पाटीही तशीच, फक्त माणसं गायब. प्रवेशाकडच्या भिंतीवर एका राजाचा चेहरा आहे, त्यावर जस्टिनियन असं नाव आहे, आणि बहुतेकांचं मत असं की तोसुद्धा मुळात थिओडोरिकच, मुकुट-बिकुट चढवून नाव बदललेला.

पण पडद्यांच्या त्या चित्रात नीट बघितलं तर खांबांवर हात आहेत. नुसते हात. माणूस गेला पण तो कमानीत उभा राहून ज्या खांबापुढे हात पसरून होता तो हात पांढऱ्या खांबावर तसाच राहिला, मनगटापासून पुढे, बोटं उघडी, आणि मागे पडदा. एका ठिकाणी नाही, तीन-चार खांबांवर. एकदा दिसले की मग दुसरं काही दिसत नाही. आम्ही खालून मान मोडेपर्यंत बघत होतो, शेजारी एक इटालियन शाळेची सहल आली होती, त्यांच्या बाईंनी "हात शोधा" सांगितल्यावर पोरं ओरडायला लागली, एक, दोन, तीन.

रूममेटचं म्हणणं की ते मुद्दाम ठेवलेत. ज्याला पुसलं त्याला पुसलंय हे लोकांना कळायला हवं, नाहीतर पुसून उपयोग काय, हात बघून प्रत्येकाला आठवलं पाहिजे की इथे कोण होता आणि आता नाही. असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला तेव्हा ते पटलं होतं.

मग आता पुण्यात आल्यावर जेवताना बाबांना फोटो दाखवला. आमचे बाबा गेली तीस वर्षं बिल्डिंगची कामं घेतात, त्यांना इतिहासात फारसा रस नाही पण भिंतीत आहे. चष्मा वर करून, फोटो दोन बोटांनी मोठा करून, मधेच आमटी वाढून घेऊन त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, पडदा कुठे आहे बघ. दोन खांबांच्या मध्ये. तेवढंच उकरून नवीन भरलंय. हात आलाय खांबावर. तो काढायचा तर खांब उकरायला लागणार, आणि पांढऱ्यावर पॅच मारला की डोळ्यावर येतो, मग अख्खा खांब करा, मग शेजारचा करा. ज्याने काम घेतलं त्याच्या एमबीत खांब नव्हता." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, कॉन्ट्रॅक्टरचं केलेलं काम त्यात मोजून लिहितात आणि जे लिहिलंय त्याचेच पैसे मिळतात.) आईने फोटो बघून "पडदे किती सुरेख बांधलेत" एवढंच म्हणलं. मी रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणाली बाबांना सांग मग इतकी वर्षं कोणी डिफेक्ट का नाही काढला, यावर बाबा म्हणाले डिफेक्ट लायेबिलिटी पिरियड, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने दुरुस्ती करून द्यायची मुदत, संपला असेल. वाद अजून चालू आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर, माझ्यामार्फत.

मला बाबांचं जास्त पटतं हल्ली. कारण त्या भिंतीवर जो कोणी परातीवर चढून, आय मीन परांचीवर चढून, छिन्नी घेऊन थिओडोरिकचे दरबारी उकरत होता तो याच गावातला मोझेकवाला असणार, आणि कदाचित ज्याच्या बापाने किंवा गुरूने ते दरबारी बसवले त्याच घराण्यातला. मध्ये जेमतेम पन्नास-साठ वर्षं तर गेली होती. राज्य बदललं, पंथ बदलला, कारागीर तेच. पण हे माझं आपलं.

थिओडोरिकची समाधी गावाबाहेर आहे, स्टेशनच्या पलीकडे, तिथेही पळत पळत जाऊन आलो. दहा कोनांची दगडी इमारत आणि वर झाकण म्हणून एकच्या एक दगड, इस्त्रियाहून समुद्रातून आणलेला, दहा मीटरच्या वर व्यास आणि वजन २३० टनांच्या आसपास सांगतात. रूममेटने तिथे मला अर्धा तास तो कसा चढवला असेल यावर लेक्चर दिलं. दगडाला एक मोठी भेग आहे, त्यावर गोष्ट अशी की थिओडोरिकला वीज पडून मरशील असं भाकीत होतं म्हणून तो या दगडाखाली लपला आणि वीज दगड फोडून आत आली. आत वरच्या मजल्यावर लाल पॉर्फिरी दगडाचं मोठं टब आहे, त्यात त्याला ठेवलं होतं म्हणतात. रिकामं. अर्थातच. सकाळपासून ज्याच्या ज्याच्या नावाने तिकीट काढलं तो कोणी जागेवर नव्हता, रूममेट म्हणाली रावेन्नात कोणीच घरी नाही, आपण फोन करून यायला हवं होतं.

एक सोडून. दान्ते.

दान्ते फ्लोरेन्सचा कवी, इटालियन भाषेचा बापमाणूस, त्याला फ्लोरेन्सने १३०२ मध्ये राजकारणातून हद्दपार केलं, परत आलास तर जाळू म्हणाले. तो फिरत फिरत शेवटी रावेन्नात राहिला आणि १३२१ मध्ये इथेच वारला. मग तो मोठा आहे हे फ्लोरेन्सच्या लक्षात आलं आणि त्यांनी अस्थी मागायला सुरुवात केली, रावेन्ना नाही म्हणत राहिलं. शेवटी १५१९ मध्ये फ्लोरेन्सच्याच घराण्यातला पोप होता, दहावा लिओ, त्याने परवानगी दिली, अर्जावर सही करणाऱ्यांत मायकेलअँजेलो होता, त्याने म्हणलं मी थडगं फुकट बनवून देतो. फ्लोरेन्सची माणसं वाजतगाजत आली, शवपेटी उघडली, आत काही नाही. शेजारच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी आपल्या बाजूने भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच काढून घेतल्या होत्या. मग त्या इतक्या नीट लपवल्या की पुढे मठ बंद झाला, लपवणारे गेले, आणि कुठे ठेवल्यात हे कोणालाच माहीत राहिलं नाही. १८६५ मध्ये दान्तेच्या सहाशेव्या जयंतीची डागडुजी चालू असताना एका भिंतीत लाकडी पेटी सापडली, वर साधूने लिहून ठेवलेलं, दान्तेच्या अस्थी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडतील म्हणून परत काढून बागेत पुरल्या, तो मातीचा उंचवटा आणि त्यावरची पाटी अजून आहे, वेल चढलीये त्यावर.

आता त्या एका छोट्या पांढऱ्या देवळीसारख्या इमारतीत आहेत. १७८० च्या सुमाराची आहे ती. फ्लोरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं भलंमोठं संगमरवरी थडगं आहे, मी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढलाय, ग्रुपवर टाकलाय, आत्याने हात जोडलेत. ते रिकामं आहे. आणि खऱ्या थडग्यात जो दिवा जळतो त्याचं तेल दरवर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरेन्सने आणून द्यायचं असा रिवाज आहे, फ्लोरेन्सची माणसं तोस्कानातलं ऑलिव्ह तेल घेऊन इथे येतात आणि रावेन्नाची माणसं ते घेतात. हे वाचून मी आणि रूममेट त्या गल्लीत, जिथे शांतता पाळा अशी पाटी आहे, तिथे हसत होतो. सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाला याहून समाधानकारक गोष्ट मिळणार नाही. अस्थी देत नाही, वर तेल तुम्हीच आणा, दरवर्षी, वेळेवर.

शेजारच्या सान फ्रान्चेस्को चर्चच्या वेदीखाली वाकून बघितलं तर एक झरोका आहे, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि खाली तळघर दिसतं, पाण्याने भरलेलं, पाण्याखाली जुनी मोझेकची फरशी आणि त्यावर सोनेरी मासे फिरतायत. अख्खं गाव खचतंय शतकानुशतकं, जमिनीतलं पाणी वर येतं. आणि जो समुद्र बघून होनोरियस इथे आला तो तिकडे आठेक किलोमीटर लांब गेलाय.

जायचं असेल तर एवढंच बघा, एकत्रित तिकीट ऑनलाइन काढा आणि गाल्ला प्लाचिदियाची वेळ सकाळची घ्या, बाकी सगळं त्याच्याभोवती बसतं. हिवाळ्यात ठिकाणं लवकर बंद होतात. छोटी दुर्बीण असेल तर न्या, ट्रेकला नेतो ती चालेल, हात वर आहेत आणि नुसत्या डोळ्यांना बोटं दिसत नाहीत. आणि समोर कोणी पडदे बघत उभं असेल तर लगेच सांगू नका, त्याला दिसेपर्यंत थांबा.